मधला कूड

"रुंदी कोणी मोजली होती?" द्वारकामामीने विचारलं आणि कारखान्यात अशी शांतता पसरली की पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

उंची सगळ्यांनी मोजली होती. धर्मामामाने तर जूनपासून चार वेळा मोजली होती, दर वेळी स्वतः शिडीवर चढून आणि खाली कोणाला तरी टेपचं टोक धरायला लावून. गणपती नऊ फूट, वळचण दहा फूट, वर फूटभर मोकळं. मामा खूश होता. पण हा गणपती मोरावर बसला होता आणि मोराने पिसारा फुलवला होता. पिसारा पाच हात रुंद, आणि ज्या दोन खांबांमधून तो बाहेर काढायचा त्यांच्यामधली जागा चार हात. बाहेर रस्त्यावर भांडुपच्या मंडळाचा ट्रक येऊन उभा होता. सोबत दोन ताशेवाले आणि मंडळाचे सेक्रेटरी शिर्के. चतुर्थी चार दिवसांवर आली होती.

पेणजवळच्या आमच्या मामाच्या गावात घरटी गणपतीचा कारखाना. त्या धंद्यात चुकायला जागा पुष्कळ. साचा तडकतो, रंग ओघळतो, उंदीर ऐन वेळी सापडत नाही. पण दाराबाहेर न जाणारा गणपती घडवायचा मान मोकलांच्या घराण्यात धर्मामामानेच पहिल्यांदा मिळवला.

"आडवा करून काढू की," शिर्के म्हणाले.

मामाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. शिर्के दोन पावलं मागे सरकले.

"बरं, पिसाऱ्याची टोकं कापली आणि तिकडे नेऊन जोडली तर?"

"काल डोळे आखले मी," मामा म्हणाला. "तो बघतोय आता. त्याच्यादेखत त्याला करवत लावू?"

हा तिथला कायदा. डोळे आखेपर्यंत मूर्ती म्हणजे नुसतं प्लास्टर. खरवडा, तोडा, फेकून द्या, कोणी विचारणार नाही. एकदा बुबुळ भरलं की साधा पॉलिशपेपर लावायचा तरी आधी हात जोडायचे. म्हणून शहाणी माणसं सगळं नीट तपासून मगच डोळ्यांना हात घालतात. मामाला घाई झाली होती, कारण मागच्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाने, हिराजीमामाने, आठ फुटी गणपती केला होता आणि त्याचा फोटो पेपरात आला होता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, पनवेलला सिव्हिलच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. रविवार धरून रंगकामाला हात लावायला आजोळी आले होते. त्या अख्ख्या गोतावळ्यात बांधकाम शिकायला गेलेलं मी पहिलंच माणूस, त्यामुळे वैजयंती हे माझं नाव तिथे कोणी घेईना. सगळे मला इंजिनेर म्हणत. माझ्या हातून कप फुटला तर "इंजिनेरने पाडला" आणि भाकरी करपली तर "इंजिनेरने भाजली". मला राग यायचा आणि आतून फार बरंही वाटायचं.

"अगो इंजिनेर," मामाने हाक मारली. "इकडं ये. हा खांब बग. ह्यो एक काढला तर डब्बल जागा होतेय. काढू काय?"

तो कडेचा खांब होता, मधल्या कुडाला, म्हणजे कारवीच्या काड्यांच्या लिंपलेल्या भिंतीला, लागूनचा. मी टेप मागवला. वही मागवली. खांबाचा घेर घेतला, त्याची काही गरज नव्हती. पाच-सहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती आणि असा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच येत होता. कॉलेजात आम्हाला पहिल्या वर्षापासून विटांची भिंत शिकवली होती. भिंत भार घेते, भार पायात जातो, पाया जमिनीत. परीक्षेत त्यावर मला चांगले मार्क होते.

"काढा," मी म्हणाले. "शेजारी कूड आहे ना? वरची तुळई कुडावर टेकेल. भिंत भार घेते."

"नक्की?"

"नक्की."

मामाने कोपऱ्यातली करवत आणली आणि माझ्याच हातात दिली. "मग तूच लाव. इंजिनेरच्या हाताने होऊ दे."

करवत हातात आली आणि माझं शिक्षण पातळ झालं. ऐनाच्या लाकडाचा खांब, माझ्या दोन्ही हातांत मावेना एवढा. त्याच्यामागे फळ्यांवर दीड-दोनशे लहान गणपती ओळीने बसलेले. सगळ्यांचे डोळे आखून झालेले. आणि सगळे, मला तरी तेव्हा वाटलं, माझ्याकडेच बघत होते.

"आधी वर चढून बग तरी," मामा म्हणाला. हे तो माझ्याकडे न बघता, मोराच्या मानेवरची धूळ फुंकत म्हणाला. "भिंत तुळईला टेकलीय का नाय ती."

मी शिडी लावून वर गेले. भिंत टेकलेली नव्हती. कुडाच्या डोक्यावर आणि तुळईच्या पोटाखाली चांगली वीतभर फट होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी त्या फटीत हात घातला, तो कुठेही न अडकता पलीकडे गेला. अख्खं छप्पर, पत्रे, वासे, आढं, सगळं खांबांच्या डोक्यावर बसलं होतं आणि भिंतीला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या पुस्तकात आधी भिंती उभ्या राहत आणि मग त्यांच्यावर छप्पर येई. इथे आधी खांब उभे राहिले, त्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं, आणि मग कधीतरी सवडीने खाली आडोसे आले. भिंत काढली काय आणि ठेवली काय, कारखान्याला फरक पडणार नव्हता. खांब काढला असता तर मात्र दीड-दोनशे गणपती आणि एक इंजिनेर, एकदमच विसर्जन झालं असतं.

मी वरच होते तेवढ्यात पलीकडे शिडी टेकल्याचा आवाज झाला, बांगड्यांचा एक हात वर आला आणि कुडाच्या डोक्यावर झाकलेली वाटी ठेवून गेला. मी खाली पाहिलं. द्वारकामामीने डोळे मोठे करून ओठांवर बोट ठेवलं. वाटीत काळ्या वाटाण्यांची उसळ होती. पलीकडचा अर्धा कारखाना हिराजीमामाचा, म्हणजे हात त्याच्या बायकोचा, सुलोचनामामीचा. तीन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, असं आम्हाला आईने सांगितलं होतं.

मी वाटी घेऊन खाली उतरले. तोंड लाल झालं असणार.

"खांब कापायचा नाही," मी म्हणाले.

"का गो? आत्ता तर तू..."

"भिंत टेकलेलीच नाही. ती काहीच उचलत नाही."

"असं होय!" मामा म्हणाला. त्याने इतकं आश्चर्य दाखवलं की मला संशय यायला हवा होता. आला नाही. "मग आता?"

"मग कूड काढायचा. गणपती त्या अंगाला सरकवायचा, आणि हिराजीमामाच्या मोठ्या दारातून सरळ रस्त्यावर."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले. मामाने करवत माझ्या हातातून काढून घेतली, कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि मोराकडे तोंड करून उभा राहिला.

तो कारखाना माझ्या आजोबांनी बांधलेला, साठ फूट लांब. मागे थेट खाजणाची दलदल, पुढे रस्ता. रस्त्याच्या अंगाला दहा फूट रुंद दार. धर्मामामा आणि हिराजीमामा दोघांनी तो एकत्र चालवला, आणि चांगला चालवला. मग तीन वर्षांपूर्वी नवीन बोर्ड लावायचं ठरलं. बोर्ड रंगवून आणला धर्मामामाने. त्यावर हातभर अक्षरांत 'धर्माजी मोकल' आणि खाली, बोर्डाच्या कडेला कशीबशी जागा काढून, 'व बंधू'.

"मी 'व बंधू'?" हिराजीमामाने विचारलं म्हणे. "आयशीने मला काय 'व बंधू' म्हणून बारशात घातला?"

तेवढ्यावरून कारखान्याची वाटणी झाली. पुढची बाजू दारासकट हिराजीमामाला, मागची धर्मामामाला. मधे कारवीचा कूड. पंचांनी कागदावर लिहिलं की कूड दोघांचा, एकाने दुसऱ्याच्या होकाराशिवाय त्याची काडी काढायची नाही. धर्मामामाने मग कडेच्या दोन खांबांमधून स्वतःचं दार केलं. लहान गणपतींना ते पुरत होतं.

"आणि तो कूड बांधला कोणी ठाव हाय?" मामी मला बाजूला घेऊन कुजबुजली. "ह्याच दोघांनी. कूड काय एकट्याला बांधता येतो? एकाने हिकडून दोरी घालायची, दुसऱ्याने पलीकडून ओढून परत द्यायची. तीन दिवस बांधत व्हते. ह्यो दोरी घालतोय, त्यो ओढतोय, आणि तोंडातून शबूद नाय. मी चहा दोन कपांत दोन बाजूंना ठेवायची. हसायची चोरी झालेली."

"मग आता विचारायचं कोणी?"

मामीने माझ्याकडे पाहिलं. बाहेर शिर्के घड्याळाकडे बघत होते. मी डोक्यावर प्लास्टिक घेतलं आणि पावसात वळसा घालून पुढच्या दाराशी गेले.

हिराजीमामा पाटावर बसून एका लहान गणपतीच्या मुकुटाला सोनेरी लावत होता. त्याच्या बाजूला जमीन स्वच्छ झाडलेली. सगळ्या मूर्ती दोन्ही कडांना दाटीवाटीने लावलेल्या आणि मधे कुडापासून दारापर्यंत मोकळी वाट. मला वाटलं, सुलोचनामामी भलतीच टापटिपीची आहे.

"आली इंजिनेर," तो म्हणाला. "काय म्हणतो तुजा मोरवाला?"

"खांब कापतोय."

त्याच्या हातातली कुंचली थांबली. "खांबाला हात लावू नको म्हणावं. बाबांनी पुरलेत ते. तीन हात खाली हायत. बुंधा खाली, शेंडा वर, झाडाला उभा ऱ्हायचा तसा. पुरायचं टोक आधी जाळात काळं केलं, मग डांबर लावलं. मी आणि..." तो थांबला. "आम्ही धरून उभे व्हतो, बाबा खड्डा भरत व्हते. कारखाना खांबावर उभा हाय गो. भिंती काय, नुसता पडदा. आज हाय, उद्या नाय."

"मग पडदा काढूया?"

"मी कुठं नाय म्हणतोय? त्याने विचारावं. 'हिराजी' म्हणून हाक मारावी. मी एवढा बसलोय हितं, चार हातांवर."

मी पुन्हा वळसा घालून मागे गेले.

"मी थोरला," धर्मामामा म्हणाला. "मी हाक मारू? त्याने यावं आणि म्हणावं, दादा, घेऊन जा गणपती माज्या दारातून. मी काय नाय म्हणीन?"

मी पुन्हा पुढे गेले.

"मी म्हणू?" हिराजीमामा म्हणाला. "अडलंय कोणाचं? मोर कोणाचा?"

मी पुन्हा मागे. माझ्या चपलांत चिखल, केसांतून पाणी. कूड इतका पातळ की पलीकडचं खोकणंसुद्धा ऐकू येई. दोघंही एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकत होते आणि मी तो पावसात भिजत पोचवत होते. चौथ्या खेपेला मला कळेना की मी निरोप नेतेय की आणतेय.

साडेचारला शिर्के आत आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही मागे मंडळ होतं. "मोकलशेट," ते म्हणाले, "पाच वाजले की आम्ही निघतो. रिकामा ट्रक घेऊन. वाटेत पनवेलला मिळेल ती मूर्ती घेऊ. तुम्हाला वाईट वाटेल, पण पुढच्या वर्षी आम्ही इथे येऊ असं समजू नका."

मामा गणपतीच्या पाटाशी उकिडवा बसला आणि खिशातली बारीक कुंचली काढून पंचाने पुसायला लागला. ती आधीच कोरडी होती. या गणपतीसाठी तो मेपासून राबला होता. पिसाऱ्यातला एक एक डोळा त्याने हाताने रंगवला होता, दोनशे चाळीस, मी मोजले होते. लहानपणापासून मी त्याला बघत आले, पण तो म्हातारा दिसू शकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मला रडू यायला लागलं. आणि त्या दोघांचा असा राग आला की म्हटलं, आता काय होईल ते होवो.

मी शिडी कुडाला लावली आणि वर चढले. फटीच्या पातळीला डोकं आलं. एका बाजूला धर्मामामाचं टक्कल, दुसऱ्या बाजूला हिराजीमामाची टोपी.

"दोघांनी ऐका," मी मोठ्याने म्हणाले. "मी इंजिनियर म्हणून बोलतेय."

दोघांनी वर पाहिलं. मामी, शिर्के, ताशेवाले, सगळेच बघायला लागले.

"हा कूड ओला होऊन फुगलाय. फुगला की तो दोन्हीकडच्या खांबांना बाहेर रेटा देतो. याला लॅटरल थ्रस्ट म्हणतात." हा शब्द मी त्याच आठवड्यात शिकले होते आणि त्याचा कारवीच्या कुडाशी काडीचाही संबंध नव्हता. "खांब आत्ताच सरकायला लागलेत. मी मोजलंय. कूड असाच ठेवला तर वारा सुटल्यावर अख्खं छप्पर खाली येईल. दोन्ही बाजूंचं. तेव्हा कूड लगेच, आत्ताच्या आत्ता काढायला लागेल. गणपती जावो नाहीतर राहो, त्याचा याच्याशी संबंध नाही."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी शिडी घट्ट धरली होती.

"काय थ्रस्ट म्हणालीस?" हिराजीमामाने विचारलं.

"लॅटरल."

"लॅटरल," धर्मामामा अलीकडून गंभीरपणे म्हणाला. त्याने जाऊन खांबावर हात ठेवला, कान लावला, मान हलवली. "लागतोय खरा. रेटा लागतोय."

पलीकडून हिराजीमामाने त्याच्या बाजूच्या खांबावर थाप मारल्याचा आवाज आला. "हिकडं पण. बराच हाय."

"विचार त्याला," धर्मामामा मला म्हणाला, "तो तयार हाय काय."

"सांग त्याला," हिराजीमामा म्हणाला, "इंजिनेर म्हणते म्हटल्यावर मी कोण नाय म्हणणार? छपराखाली पोरंबाळं वावरतायत."

"इंजिनेर म्हणते म्हटल्यावर प्रश्नच मिटला," धर्मामामा म्हणाला. "सरकार पण इंजिनेरचं ऐकतं."

मी शिडीवरून उतरायच्या आत पलीकडून कोयत्याचा पहिला घाव पडला. एवढ्या लवकर कोयता कुठून आला, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. दोरीच्या गाठी सुटत गेल्या, शेणमातीचे पापुद्रे खाली पडले, आणि कुडाला एक भोक पडून त्यातून हिराजीमामाचं नाक दिसलं. मग धर्मामामाने दुसरा कोयता घेतला. पंधरा-वीस मिनिटांत अख्खा कूड जमिनीवर आडवा झाला. दोन्ही मामी एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि सुलोचनामामीच्या हातात द्वारकामामीच्या घरची तीन-चार रिकामी भांडी होती. हिशोबात चुकल्यासारखं तिने ती पदराआड लपवली.

छप्पर जागच्या जागी होतं. पत्रा कुरकुरलासुद्धा नाही.

मग फळ्या टाकल्या, फळ्यांवर गोल लाकडं, लाकडांवर गणपतीचा पाट. शिर्क्यांनी कोट काढून खांदा दिला, ताशेवाल्यांनी ताशे खाली ठेवून खांदा दिला. मोर हळूहळू निघाला. मधल्या खांबापाशी पिसारा जरा जवळून जायला लागला तेव्हा दोघं मामा दोन बाजूंना होते, एक डाव्या टोकाशी, एक उजव्या.

"डावीकडं घे," धर्मामामा ओरडला. "डावीकडं, हिराजी, दिसतंय काय तुला?"

"दिसतंय," हिराजीमामा ओरडला. "दादा, तू तुजं टोक सांभाळ!"

तीन वर्षांनी ते एकमेकांशी बोलले ते हे. त्यानंतर दारापर्यंत ते सारखे एकमेकांवर खेकसत होते. लाकूड उशिरा का सरकवलं, पाय कुठे ठेवलास, मान का वर करतोस, तुला पहिल्यापासून अक्कल नाही. ऐकायला फार गोड वाटत होतं. द्वारकामामीने पदर डोळ्यांना लावला आणि प्लास्टरची धूळ गेली म्हणाली.

मोर दहा फुटी दारातून बाहेर पडला तेव्हा पाच वाजून गेले होते. ताशे कडाडले, शिर्क्यांनी "मंगलमूर्ती" म्हटलं आणि सगळ्या गल्लीने "मोरया" म्हटलं. ताडपत्री बांधून ट्रक निघून गेला. आम्ही सगळे आत आलो. साठ फूट कारखाना या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दिसत होता, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि मधे चिखलाने बरबटलेली जमीन. कारवीच्या काड्या तिथेच पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मामींनी त्या वाटून घेतल्या आणि चुलीत घातल्या. कूड पुन्हा कधी बांधला गेला नाही.

माझा मात्र जीव खालीवर होत राहिला. मी इंजिनियर म्हणून पहिल्यांदा तोंड उघडलं आणि पहिलंच वाक्य खोटं निघालं. पनवेलला परत गेल्यावर लॅटरल थ्रस्टचा धडा शिकवताना सर माझ्याकडे बघतायत असं वाटायचं. पुढे डिप्लोमा झाला, डिग्री झाली. लग्न झालं. मी शेडच बांधायला लागले, कोंबड्यांच्या, कांद्याच्या, गोदामांच्या. खांब पुरून बांधायच्या. लोकांना आधी हेच पटवून द्यावं लागतं की भिंतीकडे बघू नका, खांबांकडे बघा, आणि ते सांगताना दर वेळी मला ती शिडी आठवते. मामांना खरं सांगायचं सांगायचं म्हणत तीस वर्षं गेली.

गेल्या मे महिन्यात गेले होते. धर्मामामा आता पंच्याऐंशीचा, हिराजीमामा ऐंशीला टेकलेला. दुपारचा चहा घेऊन दोघं कारखान्याच्या मोठ्या दारात एकाच बाकावर बसले होते. आत आता धर्मामामाची नातसून डोळे आखत होती आणि हिराजीमामा तिला उगीचच सूचना देत होता. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"मामा," मी म्हणाले, "एक कबूल करायचंय. त्या कुडाचं मी खोटं बोलले होते. तो फुगलाबिगला नव्हता. रेटा वगैरे काही नव्हता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग धर्मामामाने बशी खाली ठेवली.

"अगो, कारवीचा कूड," तो म्हणाला. "अंगठ्याएवढी काडी ती. ती फुगून ऐनाच्या खांबाला रेटणार? आम्हीच बांधला तो. वरची वीतभर जागा पण आम्हीच सोडली. आणि ह्याने तर सकाळीच मूर्ती कडेला सारून वाट करून ठेवली व्हती."

"कोयत्याला धार पण लावली व्हती," हिराजीमामा म्हणाला.

मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांची मुलगी शिडीवर उभी राहून जन्मातलं पहिलं धाडस करतेय, आणि खाली हे दोघं खांबाला कान लावून मान हलवतायत. मला हसावं की रागवावं कळेना.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच सगळं कळलं होतं?"

"तू तोंड उघडलंस तवाच."

"मग हो कशाला म्हणालात?"

धर्मामामा रस्त्याकडे बघायला लागला. हिराजीमामाने त्याच्या बशीतला उरलेला चहा स्वतःच्या बशीत ओतून घेतला.

"तीन वर्सं वाट बघत व्हतो गो," हिराजीमामा म्हणाला. "पण घरात कोणी इंजिनेरच नव्हता."